कुरणातली शाळा

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कारखान्यांच्या शेडी मागे पडल्या की थोड्या वेळानं उघडा माळ लागतो. पावसाळ्यात पोटरीइतकं आणि दसऱ्याच्या सुमाराला कमरेइतकं गवत. मध्येमध्ये पळस, ऐन, एखादा मोह, कडेला शिंदी. हवा स्वच्छ असली तर पूर्वेला डोंगरांची रांग दिसते. आमच्या कॉलनीतली दहा-बारा कुटुंबं काही वर्षांपूर्वी रविवारी सकाळी मुलांना घेऊन तिथं जायला लागली. कल्पना साधी होती. मुलं फ्लॅटमध्ये वाढतात, खिडकीतून त्यांना चिमण्या आणि चिमण्यांपेक्षा जास्त चिमणी दिसते, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी त्यांना झाडं-पक्षी दाखवावेत.

हौस वाढत गेली. कुणी दुर्बीण घेतली, कुणी पक्ष्यांचं पुस्तक. मग एकाच्या डोक्यातून पाट्या निघाल्या. पत्र्याच्या हातभर पट्टीवर झाडाचं मराठी नाव आणि खाली शास्त्रीय नाव देवनागरीत: ‘पळस – ब्युटिया मोनोस्पर्मा’. अशा चौदा पाट्या आम्ही रंगवल्या. खिळे आणि हातोडी मीच घरून नेली होती.

सहावी की सातवी पाटी ठोकत असताना गवत कापणारी एक म्हातारी विळा हातात घेऊन जवळ आली. वारली बाई, जवळच्याच पाड्यावरची. थोडा वेळ बघत उभी राहिली. मग आमच्यासाठी आपली बोली बाजूला ठेवून सरळ मराठीत विचारलं, “त्याला खिळा का मारला?”

मी म्हटलं, “आजी, मुलांना झाडाचं नाव कळावं म्हणून.”

तिनं मुलांकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. “मला विचारायचं ना,” म्हणाली आणि परत कापायला गेली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, वाद घालता आला असता. माळ मोकळा दिसतो म्हणून तो कुणाचा नाही, आणि लिहिलेलं दिसत नाही म्हणून इथं कुणाला काही माहीत नाही, अशी दोन गृहीतकं घेऊन मी अठरा वर्षं या भागात राहत होते. त्या रविवारनंतर मी या गवताचा इतिहास वाचायला घेतला. झाडांची पुस्तकं घरात होती, गवताचं एकही नव्हतं.

*

‘कुरण’ हा शब्द आमच्यासारख्यांच्या कानाला गोड लागतो. गाय, वासरू, बासरी. या पट्ट्यात मात्र, म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, कुरण म्हणजे कुणाच्या तरी मालकीचं, कापून विकायचं गवत. 1860 च्या दशकात मुंबईहून सुरतेकडे जाणारी रेल्वे इथून गेली आणि गवताला मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं. शहराच्या घोड्यांना आणि तबेल्यांतल्या म्हशींना चारा हवा होता. डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर भात होत नाही, पण गवत मुबलक होतं आणि ते कापायला माणसं फुकटात मिळत होती.

फुकटात का मिळत होती, हा खरा प्रश्न. वारली, कोकणा, दुबळा या जमाती इथं पिढ्यान् पिढ्या राहत होत्या, पण जमिनीच्या कागदावर त्यांची नावं फारशी नव्हती. जी होती तीही सावकाराच्या वहीतून हळूहळू पुसली गेली. दुसऱ्या बाजूनं जंगल सरकारकडे गेलं. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात पालापाचोळा गोळा करण्यावर बंधनं आली. इथल्या भातशेतीला तर राब लागतो. रोप टाकायच्या आधी वाफ्यावर फांद्या, पाला, शेण, गवत पसरून जाळायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. राबावर बंदी म्हणजे भातावरच बंदी. हा असंतोष इतका वाढला की 1885 साली मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारींसाठी खास आयोग नेमावा लागला. ज्या झाडाखाली वाढलो त्याची फांदी तोडायची कुणी, हा वाद या जिल्ह्यात इतका जुना आहे.

जंगल गेलं, जमीन गेली, उरले हात. ते वेठीला लागले. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायको दोघंही वर्षानुवर्षं मालकाकडे राबायची. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होते. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 मध्ये आलं. मराठी वाचकाला हा इतिहास बहुतेक त्यातूनच माहीत झाला.

त्याच वर्षी पावसाळा संपला आणि गवतकापणीचा हंगाम आला. या वेळी कापणाऱ्यांनी दर मागितला: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सुमारे 227 किलो. एका भाऱ्यात वीस-पंचवीस किलो धरले तर नऊ ते अकरा भारे. ओणवं राहून कापायचे, बांधायचे, डोक्यावरून गंजीपर्यंत न्यायचे आणि त्याचे अडीच रुपये. मालकांनी नकार दिला, कापणाऱ्यांनी विळे खाली ठेवले. कापणीचे दिवस मोजके असतात, गवत वाळून पडलं की त्याला भाव नसतो. वारल्यांना हे मालकांपेक्षा चांगलं कळत होतं. गवत कधी कापावं हे ज्याला कळतं, त्याला ते कधी कापू नये हेही कळतं.

10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. जेठ्या गांगड हे त्यांतलं पहिलं नाव. संप मोडला नाही, मालकांना दर वाढवावा लागला.

हे वाचून झाल्यावर पुढच्या रविवारी मी त्या माळावर उभी राहिले तेव्हा गवताचा वास तोच होता, पण तो पूर्वीसारखा घेता येईना.

*

आता याच हंगामातली दुसरी गोष्ट. तलवाड्याच्या गोळीबाराला तीन महिनेही झाले नव्हते. डिसेंबर 1945 मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात दोन बायकांनी बालवाडी सुरू केली. ताराबाई मोडक तेव्हा 53 वर्षांच्या होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आणि दादरला शिशुविहार चालवून त्यांचं नाव झालं होतं. मोंटेसरी पद्धत मराठी घरांपर्यंत आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या अनुताई वाघ, वय 35, बालविधवा, पुण्यात शिक्षिका. त्याच वर्षी एका शिबिरात ताराबाईंची भेट झाली आणि त्या त्यांच्यामागोमाग बोर्डीला आल्या. पुढची जवळजवळ सगळी हयात त्यांनी याच तालुक्यांत काढली.

शहरात मोंटेसरीची शाळा म्हणजे नीटनेटक्या खोल्या, लाकडी ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या, रंगांच्या पट्ट्या, आणि आंघोळ करून वेळेवर येणारी मुलं. बोर्डीच्या वस्त्यांत यांतलं काहीच नव्हतं. मुलंच येत नव्हती. का येत नाहीत हे शोधायला दोघी वस्तीत गेल्या तर उत्तर समोरच होतं. आई-बाप कामाला गेलेले, मोठं मूल धाकट्याला कडेवर घेऊन बसलेलं. त्याला सोडून शाळेत कोण येणार? मग त्यांनी शाळाच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. साधनंही तिथलीच: चिंचोके, गुंजा, शंखशिंपले, पानं, बांबूची कांडकी, माती. परदेशी पेटीतला दट्ट्या जे शिकवतो तेच लहान-मोठे शिंपले ओळीनं मांडून शिकता येतं, आणि शिंपला हरवला तर दुसरा आणायला मूल स्वतःच किनाऱ्यावर पळतं.

1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. घोलवड स्टेशनपासून हे गाव फार लांब नाही. खाली चिकूच्या वाड्या, पलीकडे समुद्र, आणि टेकडीभोवती वारल्यांचे पाडे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असली की धाकट्याला कडेवर घेऊन मोठं मूलही शाळेत येऊ शकतं, हा ‘विकासवाडी’चा प्रयोग इथला. तरीही एक गट हातून निसटत राहिला. सहा-सात वर्षांपासून पुढची मुलं सकाळी गुरं घेऊन रानात जात, ती संध्याकाळी परतत. ती अंगणात सापडतच नसत. तेव्हा ताराबाई-अनुताईंनी शाळा आणखी एकदा उचलली आणि गुरं चरतात तिथं नेली. तिचं नाव ‘कुरणशाळा’.

या शब्दाशी मी थांबले. बारा-तेरा वर्षांपूर्वी ज्या गवतासाठी माणसं मेली होती, त्याच मुलखातल्या गवतात आता पाटी-पेन्सिल आली होती. दोन्हीकडच्या माणसांचे मार्ग वेगळे होते. परुळेकर कम्युनिस्ट, ताराबाई गांधींच्या नयी तालीमच्या वाटेनं आलेल्या. संप केल्यानं मूल शिकत नाही, आणि शिंपले मांडून जमीन परत मिळत नाही. दोन्ही कामं करायची होती आणि दोन्हींची सुरुवात एकाच गोष्टीनं झाली: माणूस जिथं आहे तिथं जाणं.

कुरणशाळेचं चित्र रंगवायचा मोह होतो. झाडाखाली बाई, भोवती मुलं, पलीकडे गुरं. पण ते मूल तिथं आनंदासाठी गेलेलं नव्हतं. ते कामावर होतं. गाय मालकाच्या भातात शिरली तर मार त्यालाच बसणार होता. कुरणशाळेची थोरवी मला वाटते ती यात, की तिनं मुलाला कामावरून हलायला सांगितलं नाही आणि कामाचं कौतुकही केलं नाही. त्याच्या दिवसात जेवढी फट होती तेवढ्या फटीत ती शिरली. गुरं सावलीला बसली की अंक, ती उठली की मूल मोकळं.

आणि बाईलाही शिकावंच लागलं असणार. गाय कोणतं गवत आधी खाते आणि कोणतं शेवटी, टिटवी ओरडली तर कुठं पाय टाकायचा नाही, शेवळीबरोबर काकडे का घालावे लागतात, हे सात वर्षांच्या पोराला माहीत आणि पुण्याहून आलेल्या बाईला नवं. नाव सांगणारा आणि ऐकणारा यांच्या जागा दिवसातून दहादा बदलणार. आमच्या पाट्यांनी नेमकी हीच अदलाबदल बंद केली होती.

*

शेवळीचा विषय निघालाच आहे तर थोडं विस्तारानं. मृगाचा पहिला पाऊस पडला की पालघर आणि बोईसरच्या बाजारात पाड्यांवरच्या बायका शेवळीच्या जुड्या घेऊन बसतात. जांभळट, टोकदार, कमळाच्या लांबट कळीसारखा कोंब. तो तसाच शिजवला तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून जुडीबरोबर आवळ्याएवढी हिरवी काकडं देतात. त्यांच्या आंबट रसानं खाज मरते. भाजी आणि तिचा उतारा एकाच टोपलीत, एकाच आठवड्यात. हे कुणी कधी शोधलं असेल? नक्की कुणाच्या तरी घशाची किंमत देऊन.

याच्यापेक्षाही मला विचारात पाडतो तो कवळीच्या भाजीचा रिवाज. आमच्याकडे बाजारात जिला फोडशी म्हणतात तीच ही, पहिल्या पावसात माळावर उगवणारी, पातीच्या कांद्यासारखी. वारली घरात ती देवाला वाहिल्याशिवाय खात नाहीत. पहिले काही दिवस ती डोळ्यांसमोर असते, हाताशी असते आणि तरी तोडायची नाही. कारण विचारलं तर देवाचं नाव सांगतील. पण परिणाम असा, की रोपाला मुळं धरायला वेळ मिळतो आणि सगळा पाडा एकाच दिवशी खायला सुरुवात करतो. ज्याच्या घरात माणसं जास्त त्यानं पहाटे उठून आधी ओरबाडून न्यायचं, असं होत नाही.

वाघोबाचंही तसंच. या भागातल्या शिवारात लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघ असतो, वर कधी चंद्र-सूर्य. वाघबारसेला त्याला नैवेद्य देतात. ज्या रानात गुरं आणि पोरं जातात त्याच रानात बिबट्या राहतो, हे मान्य करून केलेला तो करार आहे. भीती तर आहेच, पण वाटणीही आहे: एवढं तुझं, एवढं आमचं.

निसर्गाचा आनंद ‘वाटून घ्यावा’ असं आमच्या गटात आम्ही सारखं म्हणत होतो. आमच्या तोंडी वाटणं म्हणजे सांगणं, दाखवणं, फोटो पाठवणं. पाड्यावर वाटणं म्हणजे खरोखरच वाटे घालणं. कुणी किती घ्यायचं, कधी घ्यायचं, कुणासाठी ठेवायचं. पहिल्याला फक्त उत्साह लागतो. दुसऱ्याला नियम लागतात आणि ते पाळणारी माणसं लागतात.

*

अंगणवाडी पुढे कुठं पोचली ते सगळ्यांना माहीत आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातला शब्द सरकारी झाला. आज भारतातल्या कुठल्याही खेड्यात तो समजतो. ताराबाई 1973 मध्येच गेल्या होत्या. अनुताईंनी कोसबाडनंतर दाभोण-ऐन्याच्या बाजूला ग्राममंगलच्या कामात स्वतःला घातलं आणि 1992 मध्ये त्या गेल्या.

कुरणशाळा मात्र योजना झाली नाही. शब्दसुद्धा विसरला गेला. मूल गुरांमागे न जाता शाळेत जावं हे चांगलंच आहे, कुरणशाळेची गरज संपावी हीच तिच्या संस्थापकांची इच्छा असणार. मला खंत आहे ती दुसऱ्या बाजूची. बाई कुरणात गेली तेव्हा मुलाला असलेलं ज्ञान शाळेच्या तासात मोजलं जात होतं. मूल पक्क्या इमारतीत आलं तेव्हा ते ज्ञान दाराबाहेर राहिलं. आज पाड्यावरच्या मुलाला पुस्तकातलं ‘प’ पळसाचं वाचता येतं, पण पळसाच्या पानांची पत्रावळ लावता येणं हा गुण कुठल्याच प्रगतिपुस्तकात बसत नाही.

आणि कुरणंही गेली. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं. पाठोपाठ बोईसरला औद्योगिक वसाहत आली, आणि तिच्याबरोबर माझ्यासारखी हजारो कुटुंबं. या विजेवर आणि पगारावर मी जगले आहे, तिला नावं ठेवण्याचा आव आणणार नाही. उत्तरेला, रेल्वेनं पुढचं स्टेशन वाणगाव, तिथं डहाणू तालुका लागतो. 20 जून 1991 च्या अधिसूचनेनं तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, नागरिकांच्या याचिकेमुळे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये त्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी कित्येक वर्षं त्याचे अध्यक्ष होते. एकाच गाडीच्या एका खिडकीतून धुराडी आणि पुढच्या स्टेशनपासून चिकू-मिरचीच्या वाड्या, असं हे का दिसतं त्याचं एक कारण त्या कागदात आहे. आता त्याच डहाणू तालुक्यात वाढवण बंदर होऊ घातलं आहे. 2024 मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. कागद राखतो तितकंच राखतो. त्यामागे उभी राहणारी माणसं लागतात, आणि उभं राहण्यासाठी आधी त्या जागेची ओळख लागते.

*

पाट्या आम्ही काढल्या. खिळे उपटताना पळसाच्या सालीतून लालसर डिंक आला. मुलांनी तो बोटावर घेऊन पाहिला आणि आमच्यातल्या एकानंही त्याचं व्याख्यान दिलं नाही.

मग मी पाड्यावर गेले. म्हातारी अंगणात बसली होती. मी माफी मागितली तर तिनं ती बाजूला सारून विचारलं, किती पोरं आणणार? त्यानंतर आमचे नियम बदलले. ते लिहिले नाहीत, पण ठरले. आधी पाड्यावर विचारायचं. कापणीच्या दिवसांत माळावर जायचं नाही, कारण तुडवलेलं गवत विळ्यात येत नाही. शेवळी, कवळी, करटोली आपण तोडायची नाहीत, बाजारात विकत घ्यायची आणि घासाघीस करायची नाही. वाट दाखवणाऱ्याला दिवसाची मजुरी द्यायची, ‘खाऊ’ म्हणून हातावर टेकवायचं नाही. आणि पाड्यावरची मुलं बरोबर असली तर पहिलं नाव त्यांनी सांगायचं.

हे सगळ्यांना रुचलं नाही. तीन कुटुंबांनी येणं सोडलं. एकानं स्पष्टच म्हटलं, रविवारी मन मोकळं करायला येतो, हिशेब ऐकायला नाही. मला त्यांचा राग येत नाही. मीही तशीच आले होते. उरलेल्यांत मात्र एक फरक पडला. माझ्या मुलीनं परवा गवताच्या तीन काड्या आणून विचारलं, यातली गाय आधी कुठली खाईल? मला माहीत नव्हतं. म्हातारीची नात बरोबर होती, तिनं क्षणात एक काडी उचलली आणि चावून दाखवली.

माळावर या पावसाळ्याआधी चुन्याच्या खुणा आणि सिमेंटचे ठेंगणे खांब आले आहेत. कुणी म्हणतं प्लॉट, कुणी म्हणतं गोदाम. पाड्यावरच्या काही जणांनी आणि आमच्यातल्या दोघांनी मिळून तलाठ्याकडे सातबारा मागितला आहे. त्यावर कुणाचं नाव निघेल ते निघेल. म्हातारीनं एवढंच विचारलं, की दसऱ्यानंतर गवत कापायला मिळेल ना. पुढच्या सोमवारी पुन्हा तलाठी कार्यालयात जायचं आहे, आणि या वेळी ती आमच्याबरोबर येणार आहे.